खालून पाहिले : समाधानकारक

"तपासणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढायची, तर कायद्याने काय करावं लागतं?" असे ताईने फोनवर विचारले, तेव्हा तपासनीसाला आधी बरेच वाटले. हा प्रश्न त्याला ओळखीच्या माणसांनी भर रस्त्यात विचारला होता, दवाखान्याच्या रांगेत विचारला होता, एकदा तर एका अंत्ययात्रेत, खांदा बदलता बदलता विचारला होता. आणि ज्याचे उत्तर तोंडपाठ आहे असा प्रश्न कोणालाही आवडतोच. त्यातून ताईने आपल्याला काहीतरी विचारावे, ही गोष्ट भाऊजी गेल्यापासून दुर्मीळच झाली होती.

"दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "एक, ट्रकच्या पाठीवर चढवून न्यायची. म्हणजे तिची चाकं रस्त्याला लागतच नाहीत. दुसरा, तपासणी केंद्राची वेळ आधी घ्यायची आणि त्या वेळेला घरापासून केंद्रापर्यंत थेट मार्गाने चालवत न्यायची. वाटेत वळसा नाही, थांबणं नाही, बाजारहाट नाही. वेळेची पावती जवळ हवी आणि विमा चालू हवा."

"म्हणजे मी स्वतः चालवत आणली तर चालेल?"

"कायद्याने चालेल."

"मग ठरलं. पुढच्या गुरुवारी अकराची वेळ मिळतेय. विकत घेणारा म्हणतोय, आधी पास करून आणा."

फोन ठेवला गेला. नियमाला दुसरेही वाक्य होते. 'मात्र रस्त्यावर धोकादायक ठरेल अशा स्थितीतील वाहनास ही सवलत लागू होणार नाही.' प्रशिक्षणवर्गात गेली चार वर्षे हे वाक्य तो टेबलावर हात आपटून शिकवीत असे. पहिले वाक्य दार उघडते, दुसरे त्या दारात पहारेकरी उभा करते, असे काहीतरी तो म्हणे, आणि मुले ते वहीत उतरवून घेत. ताईला त्याने दार दाखवले, पहारेकरी दाखवला नाही. विसरला म्हणावे, तर तसेही नव्हते. वाक्य जिभेवर आले होते. ते त्याने गिळले. जे सांगितले त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि इतकी खरी अक्षरे एकत्र येऊन इतके धडधडीत खोटे तयार होते, हे पाहण्याइतकी त्याची बुद्धी शाबूत होती, एवढेच काय ते त्याच्या बाजूने म्हणता येईल.

केंद्रात त्याला 'बॅटरीसाहेब' म्हणत. खिशात कायम एक जाड, काळी बॅटरी असे आणि तिच्या उजेडात खालून पाहिल्याशिवाय तो आपल्या सख्ख्या बापाचीही गाडी सोडत नसे. मालक विनवण्या करीत, दमदाटी करीत, कोणी डोळ्यांत पाणी आणी. बॅटरीसाहेब वाकला की वाकला. त्याच्या या लौकिकाला तेवीस वर्षांत एकच अपवाद होता, आणि तो ताईच्या वाहनगृहात उभा होता.

पंचवीस महिन्यांपूर्वी भाऊजी गाडी घेऊन केंद्रावर आले, तेव्हा जेवणाची सुट्टी होऊ घातली होती. गाड्या वर उचलायची यंत्रे दोन; एकावर टेम्पो, दुसऱ्यावर शाळेची बस. खरे तर नातेवाइकाची गाडी दुसऱ्याने तपासायची असा दंडक होता. पण नियमातल्या यादीत आईवडील होते, पतीपत्नी होते, मुले होती, भावंडेही होती; बहिणीचा नवरा राहून गेला होता. तेव्हा 'मालकाशी नाते' या रकान्यात त्याने 'नाही' असे लिहिले आणि तेही कायद्याला धरूनच लिहिले. मग त्याने भाऊजींना कँटीनमध्ये नेले. चहा आला. चौतीस रकान्यांचा तो फॉर्म त्याने कपबशी बाजूला सारून एका दमात भरला. सोळावा रकाना होता: 'वाहन खालून पाहिले.' त्यापुढे त्याने लिहिले: 'समाधानकारक'.

भाऊजी आयुष्यभर नकाशे काढण्यात मुरलेले. न पाहिलेली नदी कागदावर उमटवायची नाही, हा त्यांचा धर्म. ते फॉर्मकडे पाहत म्हणाले, "अरे, एकदा खाली वाकून बघ तरी. मला काही घाई नाही."

"भाऊजी, गाडी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे," हा म्हणाला, आणि दोघे हसले.

चौदा महिन्यांनी भाऊजी हृदयविकाराने गेले. गाडी दवाखान्याच्या आवारात राहिली होती. संध्याकाळी तीच घरी आणायची जबाबदारी याच्यावर आली. पहिल्याच वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि तो पाय जायला हवा त्यापेक्षा खूप खोल गेला. तेवीस वर्षांच्या तपासनीसाच्या पायाला पुरावा लागत नाही. गाडी त्याने गोगलगाईच्या चालीने घरी आणली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ताईला म्हणाला, "काही दिवस राहू दे हिला आता." दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकाशी फरशीवर बशीएवढा तपकिरी डाग दिसला, तेव्हा त्याने त्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवला. घरात शोक चालू होता. पुठ्ठ्याकडे कोण बघतो? झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली, अकरा महिने.

आता ती मूठ केंद्रात उघडणार होती. तपासणार होती त्याच्याच हाताखाली तयार झालेली ज्युनियर तपासनीस, जिची नजर याच्यापेक्षा तीक्ष्ण होती. गंजाचे वय असते, हे तिला यानेच शिकवले होते. कालचा गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो; दोन-तीन वर्षांचा काळपट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ती खाली वाकेल, पापुद्रे बघेल, मागचा दाखला काढेल आणि सही वाचेल. चोराच्या मनात चांदणे म्हणतात. याच्या मनात तर आठवडाभर भर दुपारचे ऊन होते. चारदा त्याने फोन उचलला. ट्रकने आण, एवढे दोन शब्दही पुरले असते. पण 'का' असे ताईने विचारले असते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मात्र तोंडपाठ नव्हते.

म्हणून गुरुवारी त्याने रजा टाकली आणि साडेनऊलाच ताईच्या दारात उभा राहिला. काय करायचे हे ठरवून तो आला होता असे नाही. सात किलोमीटर ती त्या गाडीत एकटी असेल, हे चित्र घरी बसून पाहणे त्याला जमले नाही, इतकेच.

ताई तयार होती. केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला. छातीशी उलटे टाचलेले ते लहानसे घड्याळ होते, जे ती तेहतीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स असताना लावत असे. निवृत्तीनंतर ते त्याने पाहिले नव्हते.

"हे काय, घड्याळबिड्याळ?"

"वेळ बघायचीय."

"केंद्रावर भिंतीएवढं घड्याळ आहे, ताई."

"केंद्राची नाही रे. दवाखान्याच्या फाटकापर्यंतची." ती गाडीवरचे कापड काढू लागली. "तुमच्या केंद्राचा थेट मार्ग तिकडूनच जातो ना? नकाशात बघून ठेवलंय मी. दुसऱ्या कुठल्या रस्त्याने न्यायची परवानगीच नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं."

त्याने कापडाचे दुसरे टोक धरले. घडी घालताना दोघे समोरासमोर आले तेव्हा ताई त्याच्याकडे न बघता बोलू लागली, थिएटरमधली हत्यारे मोजावीत तशा एकसुरी आवाजात.

"त्या दिवशी मला सव्वीस मिनिटं लागली. पाच किलोमीटरला सव्वीस. सायकलवाले पुढे गेले माझ्या. प्रत्येक वळणाला ब्रेक पोकळ लागायचा, पाय चिखलात जावा तसा आत आत जायचा. मी म्हटलं, अहो, ब्रेक लागत नाहीये. तर मागच्या सीटवरून हे म्हणतात, 'घाबरू नकोस. गाडी पास आहे. तुझ्या भावाने पास केलीय.' म्हणजे गाडी ठीक. मग बिघाड कशात? माझ्या पायात. किती पोटं उघडलेली बघितलीत मी, कधी हात थरथरला नाही. आणि घरचं माणूस मागे आडवं असताना माझ्या पायातला जीव गेला. दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतंत तर."

"डॉक्टर ते सवयीनं बोलतात."

"सवयीनं बोलतात ते मला सांगतोस? मी तिथे आयुष्य काढलं." तिने घडी त्याच्या हातातून काढून घेतली. "आज एकदा शांत डोक्याने चालवते. बारा-तेरा मिनिटांत फाटकाशी पोचले, तर ठरलं. माझंच चुकलं. एकदा ठरलं की माणूस झोपतो तरी."

या अकरा महिन्यांत त्याने स्वतःच्या भीतीचे नाना हिशेब मांडले होते: खात्याची चौकशी, निलंबन, ज्युनियरची नजर. त्या साऱ्यात ताई होती ती केवळ एक धोका म्हणून, ती किल्ली मागेल म्हणून. ती रोज सव्वीस मिनिटे उलगडून पाहत बसली असेल आणि त्या प्रत्येक मिनिटावर त्याने कँटीनमध्ये केलेली सही असेल, ही शक्यता त्याच्या कोणत्याच रकान्यात नव्हती. माणूस आपले पाप मोजायला बसला, तरी माप आपल्याच सोयीचे घेतो.

"थांब," तो म्हणाला. "आधी खालून बघतो."

"तिथे बघतीलच की. सुट्टीच्या दिवशी कपडे कशाला खराब करतोस?"

"मला बघायचंय."

फरशीवरचा तो पुठ्ठा त्याने ओढून घेतला, पाठीखाली घातला आणि बॅटरी काढून गाडीखाली सरकला. पुठ्ठा हलताच डाग उघडा पडला. आता तो बशीएवढा राहिला नव्हता. डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी त्याने उजेडात धरली. बोरूइतक्या जाड नळीला काळपट पापुद्रे सुटले होते. नखाने खरवडावे लागलेच नाही.

"ताई, आत बस. इंजिन चालू करू नकोस. फक्त ब्रेक दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला."

"आता दाब. जोरात. थांबून राहा."

बारीक चिरकल्यासारखा आवाज झाला आणि तेलाची एक चिळकांडी त्याच्या गालावर, मग कॉलरवर आली. उग्र वास पसरला.

"गेला," ताई म्हणाली. "पार तळाला गेला. आधी तसाच जात होता, त्या दिवशीसारखा, आणि मग सगळाच." थोडे थांबून तिने विचारले, "माझा पाय नव्हता तर?"

"नाही."

"त्या दिवशीही नव्हता?"

"नव्हता. तू दुसऱ्या गिअरमध्ये आणलीस म्हणून फाटकापर्यंत तरी पोचलात. जोरात आणली असतीस तर दोघंही…" त्याने वाक्य सोडून दिले.

गाडीखाली पडून राहणे सोपे होते. तिथून ताईच्या फक्त चपला दिसत होत्या, दाराबाहेर जमिनीवर टेकलेल्या. चपलांशी खरे बोलायला तोंड पाहावे लागत नाही.

"ताई, मी बघितली नव्हती."

"काय?"

"गाडी. पास केली तेव्हा. कँटीनमध्ये बसून फॉर्म भरला. एकदाही वाकलो नाही."

चपला हलल्या नाहीत.

"हे होते तिथे?"

"समोर बसले होते. म्हणाले होते, एकदा वाकून बघ तरी."

"म्हणजे ह्यांना ठाऊक होतं." ताईचा आवाज पहिल्यांदा तुटला. "ठाऊक होतं, आणि तरी मला म्हणाले, भावाने पास केलीय. कुणाला सांभाळत होते रे हे? मला की तुला?"

याचे उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता. तपासनीस बाहेर सरकला, उभा राहिला, रुमालाने गाल पुसू लागला. ते तेल पुसल्याने आणखी पसरते, हे त्याला माहीत होते. आणि मग त्याने जे केले, त्यासाठी त्याला पुढे कितीतरी दिवस स्वतःचे तोंड आरशात पाहवले नाही. तो म्हणाला, "मेकॅनिकला बोलावतो. तासाभरात नळी बदलून देईल. मग धोका नाही, मग चालवत न्यायलाही हरकत नाही. सगळं नियमात बसतं."

"आणि मग पास होईल?"

"होईल."

"म्हणजे कागदावर ही गाडी कधीच वाईट नव्हती."

त्याने तेलकट रुमाल खिशात कोंबला.

"आमच्याकडे," ताई सावकाश म्हणाली, "पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजतात. एक कमी भरला की पुन्हा मोजतात. सर्जन ओरडू दे, घड्याळ ओरडू दे. आत राहिलेला बोळा बाहेरून दिसत नाही, शहाण्या. वरून टाके सुबक असतात. तू मला आत्ता नवे टाके घालून देतोयस."

"ताई—"

"ट्रक बोलाव. आहे तश्शी जाऊ दे. नापास होऊ दे. मला तो कागद हातात पाहिजे."

ट्रक साडेदहाला आला. चालक गळ्यात पंचा टाकलेला, बोलका गृहस्थ होता. साखळदंड लावता लावता त्याने विचारले, "काय मावशी, चालत नाही होय गाडी?"

"चालते," ताई म्हणाली. "थांबत नाही."

तो खदखदून हसला. मग दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याने हसू आवरले आणि साखळी पुन्हा एकदा ताणून पाहिली. गाडी फळ्यांवरून वर चढली. तिची चाके आता रस्त्याला लागत नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ती वाहन उरली नव्हती, नुसता माल झाली होती. तिघे पुढे बसले. दवाखान्याचे फाटक आले तेव्हा ताईने घड्याळाकडे पाहिले नाही, आणि तपासनीसाने ताईकडे.

केंद्रात ज्युनियर त्याला पाहून हसली. "सर, रजेच्या दिवशीही? आणि हा काय अवतार! शर्ट बघा तुमचा." मग तिने ट्रक पाहिला, ताईला पाहिले आणि हसणे बंद करून बॅटरी काढली. गाडी यंत्रावर वर गेली. ती आधी खाली शिरली. वरचे नंतर बघायचे, हेही तिला यानेच शिकवले होते. दोन मिनिटांत ती बाहेर आली.

"ब्रेकची नळी फुटलीय. पण सर, गंज जुना आहे. अडीच-तीन वर्षांचा तरी." तिने मागचा दाखला उघडला. पान उलटले. खालची सही वाचायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती त्या पानाकडे पाहत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, 'दोषाचा अंदाजे कालावधी' हा रकाना सक्तीचा नाहीये. रिकामा ठेवला तरी फॉर्म पूर्ण धरतात."

नियम किती कनवाळू असतो! ज्याला बघायचे नाही त्याच्यासाठी त्याने जागोजाग रिकामे रकाने ठेवलेले असतात. तपासनीसाने मान वळवली. ताई भिंतीशी बाकावर ताठ बसून होती, पदवीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी.

"भर," तो म्हणाला. "तीन वर्षं लिही. आणि मला एक कोरा कागद दे."

त्या कागदावर त्याने पंचवीस महिन्यांपूर्वीचा दिवस लिहून काढला: टेम्पो, शाळेची बस, कँटीन, चहा, भाऊजींचे वाक्य, आपले वाक्य, आणि नंतरचा पुठ्ठाही. शेवटी सही केली. ज्युनियरने तो कागद घेतला, नजर न उचलता त्यावर आवक क्रमांक घातला आणि शिक्का मारताना एकदा थांबली. पण मारला.

नापासाचा कागद ताईच्या हातात पडला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"यात ती सव्वीस मिनिटं कुठे लिहितात?" तिने ज्युनियरला विचारले.

ज्युनियरला प्रश्न कळला नाही. "तसा रकाना नसतो, काकू."

"नसणारच," ताई म्हणाली, आणि कागदाची चार पदरी घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.

तो तिच्यामागे फाटकापर्यंत गेला. "तुला सोडायला येतो," म्हणाला.

"नको."

"ताई, मी तुझा—"

"आत्ता काही बोलू नकोस. तुझ्यावर ओरडायची मला ताकद नाही आणि तुला 'जाऊ दे' म्हणायची इच्छा नाही. आज निदान माझा पाय माझा मला परत मिळाला. बाकीचं बघू. की नाहीही बघणार."

रस्ता ओलांडून ती बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. हा अलीकडे, कॉलरला वास येत असलेला, तसाच उभा राहिला. ऊन चढले होते. वळणावरून बस आली, बऱ्यापैकी वेगात, आणि ताईच्या पुढ्यात दोन पावलांवर अलगद, जागच्या जागी थांबली. ताईने बसच्या चाकाकडे पाहिले. मग रस्त्यापलीकडून भावाकडे पाहिले. मग दांडी धरून ती आत चढली.